गुऱ्हाळामागची बुरशी

आमच्या उचगावच्या कॉलनीत कुणाच्या पावाला, लोणच्याला नाहीतर चपलेला बुरशी आली, तर ती वस्तू सरळ कचऱ्यात जात नाही. ती आधी चौगुले सरांकडे जाते. पावसाळ्यात त्यांच्या दारात ही गर्दी! कुणाच्या हातात बरणी, कुणाच्या हातात लग्नातली कोल्हापुरी चप्पल. सर चष्मा कपाळावर चढवतात, वस्तू नाकाला टेकेल इतकी जवळ धरतात आणि नवी सून उंबऱ्यावर बघावी तसे हरखतात. "आलीस व्हय गं बाई? कुठं हुतीस इतके दिवस?" हे त्या बुरशीला. चप्पल घेऊन आलेल्या बाईंना 'बसा' म्हणायचं त्यांच्या ध्यानातही येत नाही.

एकदा मीही फसलो. बायकोनं घातलेल्या कैरीच्या लोणच्यावर पांढरा थर आला होता. वरचं काढून खालचं खाता येईल का, एवढंच विचारायला बरणी घेऊन गेलो. सरांनी बरणी जी ठेवून घेतली ती घेतलीच. परत मागितली तर मलाच समजूत घालतात, "देसाई, तुमी लोणचं दुसरं घालशिला. मी ही दुसरी कुठनं आणू?" बायको त्यांच्याशी पुढं आठवडाभर बोलली नाही. त्यांना ते कळलंही नाही.

सरांचं नाव बाहुबली. नाव ठेवताना आईबापांनी फारच मोठी आशा धरली असावी, कारण सर वाऱ्यानं हलतील असे आहेत. आम्ही एकाच कॉलेजात नोकरी केली. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी कॉमर्स. लग्न केलं नाही. घर कोडोलीच्या जैन शेतकऱ्याचं, त्यामुळं कांदा-बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून. शिळ्या अन्नाला शिवायचं नाही, अशा घरात वाढलेल्या माणसानं उभा जन्म बुरशीत घालवावा, याची स्टाफरूममध्ये भरपूर थट्टा व्हायची. सर शांतपणे म्हणायचे, "खायाची न्हाय म्हणून वळख बी ठेवायची न्हाय व्हय?" प्रयोग संपले की बुरशीच्या काचेच्या ताटल्या वाफेच्या भांड्यात घालून निर्जीव कराव्या लागत. त्याआधी सर डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत. झाकण लावायला मात्र दुसऱ्या कुणालातरी बोलवत आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहत.

त्यांचा खरा जीव होता एका जातीच्या रसायनांवर. काही बुरशा ती तयार करतात. त्यांचं नाव सायटोकॅलेसिन. मी पडलो जमाखर्चवाला, पण सरांनी इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेतही म्हणून दाखवीन. "पेशी म्हंजे पाण्याची पिशवी न्हवं, देसाई. आत धागं असत्यात. ॲक्टिनचं. त्या धाग्यांच्या जिवावर ती उभी ऱ्हाती, हातपाय पसरती, चालती. माणूस हाडावर उभा न्हाय, धाग्यावर उभा हाय!" हे शेवटचं वाक्य त्यांचं आवडतं. पोस्टमनपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालेलं. तर बुरशीचं हे रसायन त्या धाग्याच्या टोकावर जाऊन बसतं आणि धागा पुढं वाढू देत नाही. पेशी बिचारी हातपाय आखडते आणि गोळा होऊन बसते. रसायन धुऊन काढलं की थोड्या वेळानं पुन्हा पसरते. "मारत न्हाय बघा ते. नुसतं बसवून ठेवतंय," असं सर कौतुकानं सांगायचे.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सहज विचारलं, आपण काय करता? झालं. सर उठले. "पावणं, हिकडं या. हा मांडव म्हंजे पेशी समजा. ही दोरी म्हंजे ॲक्टिन. आता मी बुरशी." असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या खुंटीची दोरी सोडली. नवऱ्या मुलाकडची पंगत नुकतीच बसली होती. मांडवाचं कापड सावकाश खाली आलं आणि वरमाईच्या जिलेबीवर टेकलं. मांडववाला आरडत धावला, "सर, तुमच्या ॲक्टिनला आग लावा, आदी तो खांब धरा!" सर खांबाला मिठी मारून उभे आणि तशातही पाहुण्यांना सांगतायत, "आता दोरी वढली की मांडव परत उभा ऱ्हातोय का न्हाय बघा!" मांडव उभा राहिला. मुलीचा बाप मात्र बरेच दिवस आमच्याकडं बघत नव्हता.

इथपर्यंतचे चौगुले सर कॉलनीत सगळ्यांना माहीत आहेत. पुढचं फारसं कुणाला माहीत नाही.

सरांचे वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, आण्णांनी, शाळा सोडली आणि घरचं गुऱ्हाळ सांभाळून धाकट्याला शिकवलं. आण्णांच्या गुळाला पंचक्रोशीत नाव होतं. सरांनी डॉक्टरेटसाठी जी बुरशी धरली, ती त्याच गुऱ्हाळाच्या मागं पडलेल्या चिपाडाच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या ढिगात सापडलेली. तिच्यातून त्यांनी या सायटोकॅलेसिनच्या कुळातलं एक रसायन काढलं. पदवी मिळाली तेव्हा गावानं बस्तीपुढच्या, म्हणजे जैन मंदिरापुढच्या मांडवात सत्कार ठेवला. मलाही सर घेऊन गेले होते. पहिल्या रांगेत आण्णा, पांढरीशुभ्र टोपी घालून, ताठ बसलेले. लोकांना आण्णांच्याच घरचा गूळ आणि शेंगदाणे वाटले होते.

सर भाषणाला उभे राहिले. त्यांना आण्णांचं ऋण सांगायचं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. "ह्या पदवीवर नाव माझं हाय, पण मान आमच्या आण्णाच्या गुऱ्हाळाचा हाय," ते म्हणाले. आण्णांचे डोळे भरले. इथं थांबले असते तर किती बरं झालं असतं! पण सर थांबतील कसे? "त्या गुऱ्हाळाच्या चिपाडात मला ही बुरशी मिळाली. आसलं विष तयार करती म्हणता! फुडची पेशी उभीच ऱ्हात न्हाय! आनि ते आपल्या कोडोलीत, आमच्या गुऱ्हाळात!" एवढं बोलून सर टाळ्यांसाठी थांबले. टाळी वाजली नाही. लोकांनी हातातला गूळ हळूच खुर्चीखाली सरकवला. आण्णा जागचे हलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

पुढच्या हंगामात आण्णांच्या गुऱ्हाळाचं चुलवाण, म्हणजे रस आटवायची भट्टी, पेटलं नाही. ऊस कारखान्याला जाऊ लागला. सर काय समजायचं ते समजले. गिऱ्हाईक तुटलं, भावाचा धंदा आपल्या तोंडानं बुडाला. आण्णा त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. तेच वाईट झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळं तरी झालं असतं. सर गावाकडं जायचे बंद झाले. गुऱ्हाळातल्या त्या बुरशीचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यानंतरच हे लोणची-चपलांचं वेड सुरू झालं. इतका हुशार माणूस, आणि आमच्या पावाच्या तुकड्यांवर दिवस काढत बसला. मला याची फार हळहळ वाटायची.

दर दिवाळीला पेढ्यांचा खोका घेऊन सर कोडोलीची एस.टी. धरायला स्टँडवर जायचे आणि दुपारपर्यंत परत यायचे. "गाडी चुकली, देसाई." कोडोलीला गाड्यांचा काय दुष्काळ आहे? पण मी काही बोलत नसे. खोका आमच्याकडं यायचा आणि पेढे आमची मुलं खायची.

यंदा दिवाळी सरल्यावर सरांना वहिनींचा, आण्णांच्या बायकोचा, फोन आला. आण्णा थकलेत, अंथरुणाला आहेत, "भाऊजीला एक इचारायचं हाय म्हनत्यात." सर तसेच माझ्याकडं आले. "आता शिव्या घालणार बघा. घालू दे, माझं चुकलंच हाय. पण देसाई, तुमी चला." मी गाडी काढली. एरवी वाटेतल्या प्रत्येक झाडावरची बुरशी ते दाखवतात, गाडी थांबवायला लावतात. त्या दिवशी कोडोली येईपर्यंत एकाही बुरशीचं नाव निघालं नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

आण्णा सोप्यात खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं, आवाज मात्र तसाच खणखणीत.

"आलास व्हय? बस. पावणं, तुमीबी बसा."

मग आण्णा म्हणाले, "बाहू, एक इचारतो. तू शिकलेला हाईस, खरं काय ते सांग. माझ्या गुळात इष हुतं काय रं?"

सर खाटेजवळ सरकले.

"न्हाय, जायाच्या आदी कळाय पायजे म्हणून इचारतो. गुऱ्हाळात पोरं यायची, त्यांच्या हातावर मी खडा ठेवायचो. बाळंतिणीला लोक माझा गूळ न्यायचे. किती जणांच्या पोटात घातलं आसंल मी? रातभर त्योच इचार येतोय."

"आण्णा, गिऱ्हाईक तुटलं म्हणून गुऱ्हाळ बंद केलं न्हवं तू?" सरांनी विचारलं.

"गिऱ्हाईक कुठं तुटलं? चार दिस कुजबुजलं आनि परत दारात. मीच बंद केलं की. माझा भाऊ, डाक्टर झालेला, भर सभेत सांगतोय इष हाय म्हणून. मी परत ते कसं इकू? मुनीमहाराजांच्या फुडं बसून प्राच्छित घेतलं. गोड सोडलं."

सर खाटेवरच, आण्णांच्या पायाशी बसले. "न्हवतं रं आण्णा. गुळात कायबी न्हवतं. ती बुरशी मागच्या ढिगात हुती, त्यात बी नखाएवढी. मी ती परयोगशाळेत महिनं-महिनं वाढवली, तवा कुठं त्या विषाचा थेंब निघाला. तुझ्या रसाला, तुझ्या काहिलीला ती शिवली सुदिक न्हवती. तुझा गूळ चांगला हुता."

आण्णांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंग ह्ये तवाच का सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, तू रागावलाईस."

"राग? तुझ्यावर?" आण्णांना खरंच काही कळेना. "मला वाटलं, इष खायला घालणाऱ्याच्या दारात तू पाय ठेवत न्हाईस."

मला तिथं बसवेना. दोन म्हातारे भाऊ, एक वाक्य सांगायचं राहिलं म्हणून इतकी वर्षं एकमेकांना चोरून जगले. मी उठून अंगणाकडं तोंड करून उभा राहिलो.

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्हा दोघांना गुळाचा आणि आण्णांचा वेगळा, बिनगोडाचा. सर त्या कपाकडं बघत म्हणाले, "आता तरी गोड घे की आण्णा. आता कळलं न्हवं?"

"नेम घेतलाय बाबा, जल्माचा. कळलं म्हणून सुटतोय व्हय?"

सरांनी आपला कप खाली ठेवला. "वैनी, मला बी आण्णासारखाच द्या. हितनं फुडं गोड नको."

आण्णांनी हात लांब करून त्यांचं मनगट धरलं. "खुळा का काय तू? मी सोडलंय ते ठीक. तू कशाला सोडतोस? तू काय पाप केलंयस?"

वहिनींनी बिनगोडाचा चहा आणून दिला. सरांनी तो खाली मान घालून संपवला आणि तोवर आण्णा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.