मयताला जाणाऱ्या नोरा सिस्टर

नोरा सिस्टरना मयताला जायचा नाद होता. एखाद्याला नाटकाचा असतो, तसा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या रीतसर परीक्षणही करायच्या. "मंगळवारचं बरं झालं. फादर फार लांबले, सँडविच कोरडी होती, पण माणूस गेला तो थाटात!" मेलेला माणूस ओळखीचा असलाच पाहिजे, अशी त्यांची अट नव्हती. बहुतेक वेळा तो नसेच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नॉटिंगहॅममधल्या एका हॉस्पिटलात मी रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या फळीतला डॉक्टर होतो आणि नोरा माझ्या वॉर्डच्या सिस्टर. पंचावन्न उलटलेल्या, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा, गाव आयर्लंडच्या पार पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेकडे. त्या गावातून कोणी बॉस्टनला जाऊन पोलीस झालं, कोणी सिडनीला जाऊन सुतार. ज्यांना एवढं लांब जमलं नाही ते इंग्लंडला आले. बायका नर्स झाल्या, पुरुषांनी रस्ते खणले. त्यातले कितीतरी पुरुष एकटेच राहिले. भाड्याची एक खोली, कोपऱ्यावरचा पब, आणि एक दिवस घरमालकीण दार वाजवते तर आतून ओ नाही. असं झालं की चर्चचे फादर नोरा सिस्टरना फोन करायचे.

"बाकं भरली पाहिजेत," त्या म्हणायच्या. "जन्मभर इंग्रजांसाठी खड्डे खणले बिचाऱ्याने. स्वतःच्या खड्ड्याला तरी गर्दी नको?"

माझा नंबर लागला तो आडनावामुळे. ओक हे नाव इंग्रजीत लिहिलं की सुरुवातीला ठसठशीत 'ओ' येतो, आणि निम्मी आयरिश आडनावं 'ओ'नेच सुरू होत असल्यामुळे तसा 'ओ' दिसला की आयरिश माणसाला भरून येतं. मी जॉइन व्हायच्या आधीच त्यांनी ड्यूटीच्या रोटावर माझं नाव हेरून ठेवलं होतं. मला पाहिल्यावर त्या क्षणभर थबकल्या, पण हार मानणाऱ्या नव्हत्या.

"कुठले तुम्ही?"

"सांगलीचा."

"गॉलवेच्या खाली येतं का ते?"

"बरंच खाली."

"मग आपलेच! दुपारी तासभर सुटताय ना? चला. एक खांदा कमी पडतोय."

वॉर्ड सिस्टरला नाही म्हणणारा रजिस्ट्रार अजून जन्मायचा आहे. त्या दुपारी मी मायकेल नावाच्या, जन्मात न पाहिलेल्या सहाफुटी माणसाला खांदा दिला. माझी उंची बेताची असल्यामुळे मायकेल सबंध वाटभर माझ्याकडे कलून होते. नंतर फादरनी माझा हात हातात घेऊन हळुवारपणे विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत नोरा म्हणाल्या, "बायकोकडून."

"पण त्यांचं तर लग्नच झालं नव्हतं."

"म्हणूनच जरा लांबचे!"

पुढच्या दोन वर्षांत मी बऱ्याच जणांचा लांबचा नातेवाईक झालो.

मग माझे वडील गेले. थोरल्या भावाचा फोन आला तो सगळं आटोपल्यावरच. "अरे, तू पोचेपर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. आता धावपळ करू नकोस. दहाव्याला ये." मी तिकीट काढलं, वॉर्डात कळवलं आणि सोफ्यावर येऊन बसलो. पुढे काय करायचं असतं ते कळेना. माझी बायको, सुनंदा, शेजारी बसली. तिलाही कळेना.

दुपारी बेल वाजली. दारात काळा कोट घातलेल्या नोरा. हातात सँडविचचा ट्रे, काखेत व्हिस्कीची बाटली, मागे टाय बांधलेले तीन आयरिश म्हातारे.

"बॉडी कुठाय?" एकाने कुजबुजत विचारलं.

"इंडियात," नोरा म्हणाल्या. "म्हणून काय झालं? मुलगा इथे आहे ना!"

सुनंदाने ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. "अहो, सुतकात अंडं?"

"असू दे," मी म्हटलं. सुतकात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अन्न आणायचं असतं, एवढं तरी त्यांनी बरोबर केलं होतं.

म्हातारे ओळीने बसले; आयरिश मयतात घरी येऊन असं सोबत बसायचं असतं. नोरा माझ्यासमोर बसल्या. "हं. आता वडिलांचं काहीतरी वाईट सांग. चांगलं काय, सगळेच सांगतात."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण त्या दिवशी मला तो 'यू' पहिल्यांदाच 'तू' असा ऐकू आला.

मी सांगितलं. वडील गाण्याच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून झोपायचे, आणि मधेच दचकून जागे होत "क्या बात है!" म्हणून ओरडायचे. एकदा त्यांनी अशी दाद दिली तेव्हा बुवा पाणी पीत होते. म्हातारे गदगदून हसले. मीही हसलो. हसता हसताच माझा बांध फुटला, आणि कोणीही मला "रडू नकोस" म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "तुमच्या आईच्या वेळी तुम्ही गेला होतात?"

नोरांनी ग्लास खाली ठेवला. "आमच्याकडे पद्धत होती. पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी त्याचं मयत करायचं. ते परत दिसणार नाही, मग आत्ताच बसून घ्या. मी नुसती नॉटिंगहॅमला निघाले होते, तरी आईने केलं. हौशी बाई! अख्खा गाव रडला, आणि मी मधे बसून केक खात होते." त्या हसल्या. "ती गेल्याची तार आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. ड्यूटी पुरी केली. नवीन होते, कोणाला ओळखत नव्हते. सांगितलं असतं तरी माझ्याजवळ बसलं असतं कोण?"



सुनंदा एरवी नोरांसमोर इंग्रजी बोलायला बिचकायची. ती उठली, नोरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुमच्या आईचं काहीतरी वाईट सांगा ना."



"तिला माझं नावच आठवायचं नाही," नोरा म्हणाल्या. त्यांचा तो भोंगा अगदी हलका झाला होता. "चारी बहिणींची नावं घेऊन व्हायची, मग कुत्र्याचं, आणि मग माझं."

एक म्हातारा खुदकन हसला. नोरा पुढे सांगू लागल्या. मी उठून चहाचं आधण ठेवलं.