कानातल्या हाडांची अट

आमच्या बायकूनं, हौसानं हाक मारली की माझ्या कानातली तीन हाडं हलायची बंद व्हायला लागली. बाकी समद्याला हलत्यात. कुकरच्या शिट्टीला, म्हशीला, सरपंचाच्या भाषणालाबी.

सकाळपासनं हौसाचं तोंड हलतंय आनि मला कायबी ऐकू येईना. शेवटी हातवारे करून तिनं समजावलं: ही चेष्टा निघाली तर ती कायमची भावाकडं. पिशवीत कापडं भरूनच ती माझ्यासंगं दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंकडं उजेडाचं यंत्र हुतं. कानात वायर घालून लाल ठिपका सोडायचा. आतलं हाड नखाच्या मळाएवढंबी हललं, की पडद्यावर रेघ नाचती.

बाई खोकल्या. रेघ नाचली. हौसानं तोंड उघडलं, मानेच्या शिरा फुगवल्या. रेघ सरळ.

"सोंग नाहीये मावशी," बाई म्हनल्या. "हाडांनी काम बंद केलंय."

मग बाईंनी माझ्या कानापाशी वाकून हाडांनाच इचारलं, "तक्रार काय आहे?"

रेघ थरथरली. बाई वाचत गेल्या. "गल्लीतली परत्येक बाई नवऱ्याला 'अवो' म्हनती. दरवेळी आमीच का हलायचं? नाव घिऊन बोलवा."

हौसा लालबुंद झाली. काय बोलली ते बाईंनी मला सांगितलं, "त्या म्हणतायत, लग्नात घेतलं तेवढं बास. नवऱ्याचं नाव काय उठता-बसता घेतात?"

रेघ थरथरली. बाई हळूच म्हनल्या, "हाडं म्हणतात, मग जावा."

हौसानं पिशवी उचलली. दारापतुर गेली. चेष्टा करायला घरात दुसरं हाय तरी कोन?

उंबऱ्यात ती थांबली. डोईवर पदर घेतला, भिंतीकडं तोंड केलं.

रेघ टणकन उडाली.

"कानातल्या हाडांनी पुकारला संप,
धोंडीराव, सकाळपासनं चालूच हाय मळ्यातला पंप!"

मी तसाच पळत सुटलो. बाई मागनं वरडत हुत्या, यंत्राची वायर कानातच हाय म्हनून.

मळ्याचं तळं झालं हुतं. पर पिशवी घरी रिकामी झाली.

आता चहा झाला तरी उखाणा, पाव्हणं आलं तरी उखाणा. शेजारनी ऐकायला कुंपणाला येत्यात. काल हौसानं जुनाच घेतला. चहा गार झाला.

हाडं म्हनत्यात, रोज नवा पायजे. मी त्यांच्यात पडत न्हाई.