कपाटातला चंद्र आणि दाताचे डॉक्टर

दाताच्या डॉक्टरांनी भर दुपारी दवाखान्याला कुलूप ठोकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "चला! सिनेमा कशाला म्हणतात ते आज दाखवतो तुम्हाला!"

लहानपणी त्यांनी एक सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. म्हातारा घड्याळजी आणि त्याच्या कपाटात लपून बसलेला चंद्र! ही गोष्ट त्यांनी बायकोला लग्न ठरण्याआधी आणि लेकीला दात येण्याआधी ऐकवली होती. आता त्याच घड्याळजीच्या तरुणपणावर नवा सिनेमा आला होता. तोही संगीतमय!

सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला घड्याळजी नाचू लागला.

"बाबा, हा का नाचतोय?"

"आनंद झालाय गं त्याला."

मग घड्याळजीची आई वारली. तो पुन्हा नाचला!

"आता का?"

डॉक्टर खुर्चीत चुळबुळू लागले. चंद्र कपाटात आला कसा, हे जुन्या सिनेमात कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी गंमत तीच होती! इथे कपाटाच्या लाकडावर सात मिनिटांचं गाणं, त्यानंतर बिजागरीचं गाणं! आणि चंद्राचा आवाज? भूल उतरायच्या आत कुणी भाषणाला उभं राहावं, तसा!

"अहो, हळू बोला," बायको कुजबुजली.

"हळू? माझ्या बालपणाची अक्कलदाढ उपटतायत हे! तीही भूल न देता!"

कुलपाचं गाणं सुरू झालं आणि डॉक्टर तडक उठले. नेमका बायकोच्या पर्सचा पट्टा पायात अडकला. ते एका पायावर उड्या मारत, हात हवेत फिरवत तोल सावरू लागले. मागच्या रांगांना वाटलं, नाचतायत! टाळ्या पडल्या. चार जण उठून साथीला नाचायलाही लागले!

बाहेर सिनेमावाल्यांची एक मुलगी माइक आणि कॅमेरा घेऊन उभीच होती. तिने आधी कामधंदा विचारून घेतला, मग माइक पुढे केला. "कसा वाटला, सर?"

"असा सिनेमा जन्मात पाहिला नाही! खुर्चीत बसवेना मला!" दोन्ही हात वर करून डॉक्टर कडाडले.

"अहो, सरळ टुकार म्हणा ना," बायको म्हणाली.

"कळतं त्यांना!"

काय कळायचं ते कळलं. चार दिवसांत चौकात भलंमोठं पोस्टर लागलं. डॉक्टरांचे दोन्ही हात वर, आणि खाली ठळक अक्षरांत, 'असा सिनेमा जन्मात पाहिला नाही! खुर्चीत बसवेना मला! – एक दंतवैद्य.'

पुढच्या आठवड्यात दवाखाना गच्च भरला. डॉक्टर मनातून सुखावले. टुकार सिनेमामुळे का होईना, प्रसिद्धी ती प्रसिद्धी! पहिल्या आल्या लेकीच्या शाळेतल्या बाई. खुर्चीत बसल्या, पण तोंड घट्ट मिटून.

"आ करा. कुठला दात दुखतोय?"

"दात ठणठणीत आहेत माझे!" बाई उसळल्या. "तुमच्या भरवशावर सासूबाईंना घेऊन गेले होते मी! तीन दिवस बोलत नाहीयेत माझ्याशी. म्हटलं, असली आवड असलेला माणूस दिसतो तरी कसा, ते एकदा बघून यावं!"

डॉक्टरांनी हळूच दार किलकिलं करून बाहेर पाहिलं. बाकावर नऊ जण बसले होते. एकाचाही गाल सुजलेला नव्हता.