चोरीला गेलेली चूक

"पाच मिनिटांचं काम," टायपिस्टबाई केसांत पिन खोचत म्हणाल्या. "पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोळ्यांवरची झापडं काढते आणि सहाव्या मिनिटाला घरी यायला निघते. पोळ्या आल्यावरच करीन."

"आई, तिथं जरा बेतानं बोला," सूनबाई म्हणाली. "आमच्या मंडळातली माणसं हळवी आहेत."

"हळवी आहेत ना? मग मेमो वाचून रडतील."

मेमो त्यांच्या पर्समध्ये होता. बेचाळीस वर्षं तो कपाटात, साड्यांच्या घडीखालच्या कागदाखाली झोपला होता. लग्नाच्या फोटोला वाळवी लागली, पण मेमोला सुरकुतीही पडली नव्हती. नको ती वस्तू घरात बरोबर टिकते.

झालं होतं असं. सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांचं रक्त बघून आली की संध्याकाळी भाजी चिरताना ती फोनवर 'अंधारकक्षा' लावायची. रेडिओवरची जुनी अंतराळमालिका. एक यान, त्यात एक कप्तान, एक डॉक्टरीण, एक यंत्रज्ञ, आणि दर दोन भागांनी कुणीतरी मरायचं. मालिका केव्हाच संपली होती, लेखकही वारला होता, पण कुणीतरी जुन्या फिती शोधून काढल्या आणि नव्या पिढीला वेड लागलं. त्यांनी मंडळ काढलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते जमायचे आणि कोण का मेलं यावर तावातावानं भांडायचे.

"आई, एकोणिसाव्या भागातल्या धक्क्याला जगात तोड नाही," सूनबाई कांदा चिरत म्हणाली होती. "यंत्रज्ञ यानाबाहेर जातो, त्याची हवा संपते, तो मरतो. कप्तान त्याला निरोप देतो, सगळे रडतात. आणि मग तोच यंत्रज्ञ शांतपणे म्हणतो, 'चहा गार झाला. कोण कोण घेणार?' अंगावर काटा येतो. काय प्रतिभा असेल त्या लेखकाची!"

"प्रतिभा कसली डोंबलाची. पान चुकलं होतं."

"कुणाचं?"

"माझं."

सूनबाई हसली. प्रेमानंच हसली, पण हसली. "आई, तुम्ही तर टपाल विभागात होतात ना?"

हे मात्र जिव्हारी लागलं. टायपिस्टबाई टपालात होत्या, बावीस वर्षं होत्या, पण का होत्या हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याआधी सहा वर्षं त्या रेडिओ केंद्रावर एकुलत्या एक टायपिस्ट होत्या आणि 'अंधारकक्षे'चं पान न् पान त्यांच्या बोटांखालून गेलं होतं.

मालिकेचा लेखक हाच नाट्यविभागाचा प्रमुख. त्याला दोन खोडी. एक, शेवटच्या क्षणी पानं बदलायची. दुसरी, पानांवर नंबर घालायचा नाही. "प्रवाहाला नंबर नसतो, बाई," असं म्हणायचा. एकोणिसाव्या भागाच्या दिवशी, प्रक्षेपणाला वीस मिनिटं उरली असताना, त्यानं एक बदललेलं पान टेबलावर आपटलं आणि सिगारेट ओढायला गेला. बाईंनी ते टाइप केलं, प्रती काढल्या आणि शेवटी आलेलं पान म्हणून शेवटी लावलं. ते होतं अकरावं पान. यंत्रज्ञ बाहेर जाण्याआधी सगळ्यांना चहा विचारतो, ते.

कार्यक्रम थेट जायचा. यंत्रज्ञाचं काम करणारा नट शिस्तीचा. हातातल्या पानावर आहे ना, मग वाचायचं. मेल्यावर त्यानं इमानदारीत चहा विचारला.

सोमवारी मेमो आला. दोन पानी, कारण लेखक माणूस, त्याला थोडक्यात रागावता येईना. केंद्रात टायपिस्ट एकच, म्हणून तो टाइप करायलाही बाईंकडेच आला. त्यांनी आपल्याच निष्काळजीपणाबद्दलचा मेमो तीन प्रतींत टाइप केला, एकही चूक न करता. हाताचा मसुदा तेवढा स्वतःकडे ठेवला. त्याच्याखालीसुद्धा लेखकाची पल्लेदार सही होती, पतंगाच्या शेपटीसारखी.

गुरुवारी पत्रं आली. दोन पोती. श्रोते म्हणत होते, असा धक्का आयुष्यात बसला नाही. शुक्रवारी लेखकानं रेडिओवरच सांगून टाकलं की मृत्यू म्हणजे केवळ कक्षेचा बदल, हेच त्याला सुचवायचं होतं. शनिवारी बाई त्याच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, मग मेमो?"

"मेमो शिस्तीचा भाग आहे, बाई. कला वेगळी, शिस्त वेगळी."

त्या वर्षी त्यांचं टायपिस्ट म्हणून कायम होणं हुकलं. बदली केंद्राच्याच टपाल विभागात झाली, आवक-जावक रजिस्टरवर. तिथं पहिलं काम काय मिळालं? ती दोन पोती. एकेक पत्र उघडायचं आणि लिहायचं: 'एकोणिसाव्या भागाबद्दल अभिनंदन.' पुन्हा: 'एकोणिसाव्या भागाबद्दल अभिनंदन.' सातशे बारा वेळा. बीळ यांचं, आणि नागोबा आयता बसला होता.

तेव्हा त्या गप्प बसल्या. नोकरी हवी होती. पण आता कसली भीती? आता त्यांना फक्त एवढंच हवं होतं की चार लोकांत कुणीतरी म्हणावं, ही चूक टायपिस्टबाईंची. माणसं आपलं घर, आपली जमीन मागतात. यांना आपली चूक परत हवी होती.

मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायचं. तीस घडीच्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या कण्हणाऱ्या. भिंतीवर मोठा तक्ता: 'एकूण मृत्यू एकतीस. कोण, कधी, कशानं, किती वेळा.' अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याला उत्तर देता येऊ द्यायचं नाही, ही धंद्याची सवय इथंही होती. त्यांच्यापुढे टेबलावरची घंटा होती.

"नियम सांगतो," डॉक्टर म्हणाले. "आपल्यात दोन नवे श्रोते आहेत. त्यांचे बाराच भाग ऐकून झालेत. पुढचं कुणी फोडलं की घंटा."

टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. "नमस्कार. एकोणिसाव्या भागात यंत्रज्ञ मेल्यावर..."

टिंग.

नव्या श्रोत्यांपैकी एक बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, म्हणजे तो मरतो?"

"मरतो, पण नंतर चहा विचारतो," टायपिस्टबाईंनी धीर दिला.

टिंग, टिंग. दोघा नव्यांना कानांत बोटं घालून बाहेर पॅसेजमध्ये उभं करण्यात आलं. जाताना त्या बाईंनी टायपिस्टबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू यंत्रज्ञाच्या हवेची नळी यांनीच कापली.

मग टायपिस्टबाईंनी सगळं सांगितलं. पान, सिगारेट, वीस मिनिटं, अकरावं पान शेवटी. ठरवल्याप्रमाणे पाच मिनिटांत. आता कुणीतरी म्हणणार, चूक बाईंचीच, असं त्यांना वाटलं.

"छान," डॉक्टर म्हणाले आणि तक्त्याखालच्या फळ्यावर लिहू लागले. "सिद्धान्त क्रमांक सतरा."

"सिद्धान्त नाही हो. तसं झालंय."

"आधीचे सोळाही हेच म्हणतात."

पहिल्या रांगेतून एक तरुणी उठली. 'अंधारकक्षे'वर प्रबंध लिहीत होती, म्हणून सगळे तिला प्रबंधवाली म्हणत. "आजी, निरोपाच्या आणि चहाच्या वाक्यांमध्ये चाळीस सेकंदांची शांतता आहे. माझं पाचवं प्रकरण तिच्यावरच आहे. ती शांतता चुकून कशी येईल?"

"पानं शोधत होता कप्तान. मी काचेच्या अलीकडून बघत होते. घामानं भिजला होता बिचारा."

"पण लेखकानं आत्मचरित्रात लिहिलंय की ही कल्पना त्याला तळ्याकाठी सुचली."

"तळं? आमच्या केंद्रात पाणी दिवसातून एकदा यायचं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तो लिफ्टचा मेकॅनिक होता, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. "मला पटतंय बाईंचं," तो म्हणाला. "आमच्याकडे तिसऱ्या मजल्याचं बटण चौथ्याला जोडलं गेलं तर कुणी म्हणत नाही, वा, मिस्त्रीची काय प्रतिभा."

"आजी, मी या प्रबंधाला सहा वर्षं दिली आहेत," प्रबंधवालीचा आवाज जरा चिरकला.

"मी बावीस दिली, बाळ," टायपिस्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून हुकमाचा एक्का काढला. "हा घ्या मेमो. त्याच्याच हातचा."

मेमो हातोहात फिरू लागला. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढं घडलं. प्रबंधवालीनं कागद उजेडात धरला आणि तिचे डोळे भरून आले.

"ही त्यांची सही आहे. अस्सल सही."

"सही सोड गं, मजकूर वाच."

"वाचला ना. आता सगळं जुळतंय." ती लोकांकडे वळली. "विचार करा. सोमवारी मेमो, गुरुवारी पत्रं. म्हणजे धक्का लोकांना कसा वाटला हे कळायच्या आधीच त्यांनी मेमो लिहून ठेवला. का? तर हे मुद्दाम केलंय हे केंद्रातसुद्धा कुणाला कळू नये म्हणून. गुपित राखण्यासाठी त्यांनी आपल्या टायपिस्टला खोटा मेमो दिला."

"खोटा?" टायपिस्टबाईंनी खुर्चीची पाठ धरली. "माझी टायपिस्टची नोकरी खरीच गेली की गं."

"हाच तर त्यांचा काटेकोरपणा," दातांचे डॉक्टर भारावून म्हणाले. टाळ्या पडल्या. लेखकाला. मेल्यावरसुद्धा त्यानं पुन्हा हात मारला होता.

मग रीतीप्रमाणे मतदान झालं. सतराव्या सिद्धान्ताच्या बाजूनं लिफ्टवाल्याचा हात ताठ वर गेला. टायपिस्टबाईंनी सुनेकडे पाहिलं. सूनबाईचा हात उठला, कानापर्यंत आला, तिथं थबकला, आणि तिनं बट मागे सारली.

"एक मत," डॉक्टरांनी नोंद केली. "आजी, एक विनंती. हा मेमो मंडळाला द्याल? चांगल्या फ्रेममध्ये घालून इथं भिंतीवर लावू. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचेल."

टायपिस्टबाईंनी क्षणभर विचार केला. मेमोच्या माथ्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं, खाली 'यांच्याकडून घडलेली गंभीर चूक' असं स्वच्छ लिहिलं होतं. भिंतीवर लागला तर आज ना उद्या कुणीतरी शहाणा वाचेल. आपण नसलो तरी वाचेल. त्यांनी मेमो दिला.

परतताना बसमध्ये सूनबाईनं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "आई, मला खरं वाटतंय हो तुमचं. पण तिथं सगळ्यांसमोर..."

"केस फार आलेत कानावर तुझ्या," टायपिस्टबाई म्हणाल्या. "कापून घे."

त्या दिवशी पोळ्या सूनबाईनं केल्या.

दोन महिन्यांनी मंडळाचं बोलावणं आलं. फ्रेम लागली होती. टायपिस्टबाईंनी नवा चष्मा घातला आणि गेल्या. भिंतीवर, मृत्यूंच्या तक्त्याशेजारी, रुंद सोनेरी पट्टीच्या चौकटीत दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली होती. त्या जवळ गेल्या. आणखी जवळ गेल्या. त्यांचं नाव दिसेना. पट्टी इतकी रुंद होती की पानांचे माथे तिच्याखाली गडप झाले होते. आणि सहीचं दुसरं पान डावीकडे होतं, पहिलं उजवीकडे. लेखकानं सवयीप्रमाणे नंबर घातले नव्हते आणि फ्रेमवाल्यानं हाताला आली तशी लावली होती. मेमो आता 'यापुढे असे घडल्यास' इथून सुरू होत होता आणि 'आपल्या निदर्शनास आणण्यात येते की' इथं संपत होता.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पानं उलटी लागली आहेत."

डॉक्टर चौकटीसमोर उभे राहिले. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग हळूच प्रबंधवालीला बोलावलं. दोघं कुजबुजले. प्रबंधवालीनं वही काढली.

"शेवट आधी, सुरुवात नंतर," ती पुटपुटली. "म्हणजे मेमोलासुद्धा मरण नाही."

डॉक्टर टायपिस्टबाईंकडे वळले. "पुढच्या बैठकीत यावरच चर्चा ठेवतो. तुम्ही या हं, आजी. सतरा नंबरवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे."

टायपिस्टबाई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. खुर्ची कण्हली. शेजारी लिफ्टचा मेकॅनिक होता. त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर अर्धा बाहेर काढून दाखवला.

"बाई, चारच स्क्रू आहेत. सगळे चहाला खाली गेले की सरळ लावून टाकतो. दोन मिनिटांत."

त्या भल्या माणसाकडे टायपिस्टबाईंनी पाहिलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची पानं नीट लावायला निघालं होतं.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "सापडलास तर मेमो तुला मिळेल, आणि टाळ्या फ्रेमवाल्याला."