हार त्रेचाळीस, विजय एक

आमच्या रग्बी संघटनेच्या कचेरीत माझ्याइतका नेटका कारकून नाही. दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच सांगतो. सरांच्या निरोप समारंभाची जबाबदारीही मी आपणहून अंगावर घेतली.

सर म्हणजे राष्ट्रीय सेव्हन्स संघाचे प्रशिक्षक. सात खेळाडू, चौदा मिनिटांचा सामना. चौदा मिनिटांत हरायचं आणि दोन-तीन तासांनी पुढच्या सामन्याला पुन्हा उभं राहायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. आम्हाला म्हणजे मलाही. नऊ पराभवांत मी स्वतः मैदानावर होतो, आणि चेंडू हातातून सोडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सर एकदाही ओरडले नाहीत. उलट खेळ सुटल्यावर त्यांनीच शब्द टाकून मला इथे चिकटवलं.

सर समारंभाला यायलाच तयार नव्हते. ‘लोक आकडे काढतील रे,’ म्हणाले. पराभवांचा आकडा सभागृहात कुणाच्या तोंडून निघणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं.

अध्यक्षांनी मात्र, बोलणार नाही पण मला माहीत असू दे, म्हणून आकडे मागितले. मी फोनवरून दोन निरोप धाडले. अध्यक्षांना, ‘हार ४३, विजय १.’ आणि फुलांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या वहिनीला, ‘हार एकच, पण घसघशीत.’ दोन्ही निरोप वेळेवर पोचले. फक्त याचा त्याला आणि त्याचा याला.

समारंभात अध्यक्षांना आनंद आवरेना. बोलणार नाही म्हटलेले गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, “अकरा आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि हार एकच! पण घसघशीत.”

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. खेळाडू आपापले बूट बघू लागले. सर माझ्याकडे बघू लागले. एवढ्यात दार उघडलं आणि वहिनी व दादा टोपल्या घेऊन आत आले.

“त्रेचाळीस आहेत, भावजी. मोजून घ्या,” वहिनी खणखणीत आवाजात म्हणाली.

माझ्या वचनाचा असा निकाल लागला. सर उठले. टोपल्यांकडे बघत राहिले, आणि मग खो खो हसले. त्यांनी एक हार उचलून जुन्या कप्तानाला हाक मारली. “पाच-चाळीस, पावसात. ये इकडे.” मग दुसऱ्याला. “सात-एकवीस. खांदा निखळला होता तुझा.” त्यांना त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाठ होत्या. मालिशवाला, बसचा चालक, कुणी सुटलं नाही. शेवटचा हार माझ्या गळ्यात पडला.

“यानं चेंडू सोडला,” सर म्हणाले, “मैदान नाही सोडलं.”

मी सगळ्यांदेखत रडलो. त्या माणसाचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार!

टोपल्या रिकाम्या झाल्या आणि सरांचा गळाही रिकामाच राहिला. तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली. तिच्या हातात गुलाबांचा एक भरगच्च हार होता.

“भावजी, यातले विजय कोण? त्यांचा वेगळा बांधलाय.”

सगळ्या संघाने सरांकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून वहिनी सरांना विजयभाऊ म्हणते. मी दोनदा तिची चूक सुधारायला गेलो, पण सरांनीच मला गप्प बसवलं. तिने हाक मारली की ते ओ देतात.