कान पाहणारे कुलगुरू

डॉ. नागावकरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मॅट्रिकचे मार्कही विचारले नाहीत. ते म्हणाले, "जीभ काढा."

मी काढली. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत लाँचने माझ्या पोटातलं सगळं आधीच बाहेर काढलं होतं, जीभ तेवढी आत उरली होती. कारकुनाच्या जागेसाठी 'डॉक्टर स्वतः धक्क्यावर भेटतील' असं मला कळवलेलं, आणि डॉक्टर म्हणजे औषधाचा, अशी माझी ठाम समजूत. म्हणून नुसती जीभ काढून मी थांबलो नाही, सवयीने "आऽऽ" पण केलं. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघायला लागल्या.

"आवाज नको. आता जिभेच्या दोन्ही कडा वर वळवा. पन्हळीसारख्या."

मी खूप खटपट केली. जीभ वळेना.

"वडिलांची वळायची?"

"मी वडिलांना कधी जीभ दाखवली नाही, साहेब."

"त्यांनी तुम्हाला?"

मग त्यांनी माझा कान धरला. शाळा सुटल्यापासून कोणी धरला नव्हता. "पाळी सुटी आहे. आईची का वडिलांची?" मला ठाऊक नव्हतं. ते "हं" म्हणाले, स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून जराशी चोळली आणि म्हणाले, "घेतलं तुम्हाला. ज्याची जीभ वळत नाही, तो बोललेलं फिरवत नाही."

"याला शास्त्राचा आधार आहे, साहेब?"

"अजिबात नाही. पण नेमणुका शास्त्राने झाल्या असत्या, तर तुम्ही इथे कशाला आला असतात?"

अशा रीतीने मी भात संशोधन केंद्राचा कारकून झालो. देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि आता भातही सुधारायचं, असं सरकारने मनावर घेतलं होतं. सुधारणेसाठी धरमतरच्या खाडीकाठी एक पत्र्याची शेड, एक मोडकं टेबल आणि डॉक्टर एवढं दिलं होतं.

तिथली सगळी जमीन खारी. समुद्र मातीच्या बांधाने अडवलेला, आणि बांधाच्या आत भात. हे भात खाऱ्या पाण्यात तगायचं खरं, पण तांदूळ तांबडा आणि जाड. पांढरं, बारीक भात आणून लावलं तर ते घाटावरच्या जावयासारखं वागायचं. खारं पाणी पाहिलं की मान टाकायचं. डॉक्टरांना या दोघांचं लग्न लावायचं होतं. खाऱ्यात उभा राहील आणि पांढरा निघेल, असा एक दाणा. त्यापलीकडे या माणसाला जगाकडून काही नको होतं.

गावकऱ्यांची मात्र माझ्यासारखीच समजूत. डॉक्टर आला म्हटल्यावर तापकरी, खोकलेकरी शेडसमोर बसायला लागले. डॉक्टर प्रत्येकाचा कान बघत, जीभ वळवायला लावत, आजोबांची चौकशी करत आणि सांगत, "तुझ्यात दोष नाही. तुझ्या आजीत होता." आश्चर्य म्हणजे निम्मे लोक बरे होऊन जायचे. आपला दोष नाही एवढं कळलं तरी माणसाला पुष्कळ उतार पडतो.

भाताचं लग्न हे फार नाजूक काम. सकाळी फूल उमलायच्या आत चिमट्याने त्यातले नराचे तुरे काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग आणून झटकायचा आणि लोंबीवर कागदाची पिशवी बांधायची, म्हणजे परका पराग आत शिरत नाही. ते चालू असताना शिंकायचीसुद्धा बंदी. पण केंद्रावर कामाला होती चांगुणाबाई, आणि ती पडली गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या बरोबरीने धवले गाऊन लग्न लावायचा मान तिचा. डॉक्टरांनी पहिल्या लोंबीला चिमटा लावला आणि चांगुणाबाईने सूर धरला.

"बाई, गप्प! पराग उडेल."

"सायेब, लगीन लावताव आनि धवला नको? असली लगना टिकत नाय."

डॉक्टरांनी तिचा कान निरखला, स्वतःची पाळी चोळली आणि म्हणाले, "हळू म्हणा." तेव्हापासून आमच्या केंद्रावर एकही संकर धवल्याशिवाय झाला नाही. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात ही पद्धत आम्ही अर्थातच लिहिली नाही.

ही लग्नं पहिल्याच वर्षी मोडली, आणि ती मी मोडली. मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. मी म्हटलं, आपणही काही करून दाखवावं. शेतात गेलो तर जिकडेतिकडे लोंब्यांवर कागदाच्या पिशव्या! मजुरांनी चणे खाऊन अडकवल्या असणार. एकूण एक गोळा करून मी जाळून टाकल्या. शेत काय स्वच्छ दिसलं!

डॉक्टर बांधावर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. "मांडवात शिरून अंतरपाट ओढणारा माणूस ऐकला होता," ते म्हणाले, "पण सगळ्याच मांडवांतले ओढणारा आज पाहिला. तुमच्या घराण्यात हा गुण कुणाकडून आला, तेवढं एकदा विचारून या."

मला वाटलं नोकरी गेली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिशव्या चिकटवायला बसवलं. पुढच्या मोसमापर्यंत मी तेच करत होतो.

त्याच पावसाळ्यात बांधाला खांड पडली, म्हणजे उधाणाने बांध फोडला. तिकडे रीत अशी की गावचा बांध गावाने राखायचा. खांड पडली की घरटी एक माणूस चिखल घेऊन हजर. याला जोळ म्हणतात. जो येणार नाही, त्याच्या घरच्या कार्याला पुढे कोणी जात नाही. मी पोयनाडला खोली करून राहायचो, त्यामुळे सुटलो. पण पाटील शेडवर येऊन डॉक्टरांना म्हणाला, "तुमचे घरचा मानूस कोन?"

"माझ्या घरात मी आणि उंदीर," डॉक्टर म्हणाले. "उंदरांची वंशावळ माझ्याकडे आहे. पण त्यांना टोपली उचलत नाही." आणि धोतर खोचून निघाले. तेव्हापासून गावाने त्यांचं घर मोजायला सुरुवात केली.

वर्षं गेली. लग्नं लागली, मोडली. पांढरं व्हायचं ते मरायचं, जगायचं ते तांबडं निघायचं. चांगुणाबाई लोंबी सोलून बघायची आणि निकाल द्यायची, "पोर बापावर गेला, सायेब." मग अखेर एका संकराची रोपं खाऱ्या पाण्यात ताठ उभी राहिली. बांधालगतच्या वाफ्यात ती लावली. दाणा भरला की रंग कळणार. डॉक्टर रोज सकाळी त्या वाफ्याशी जाऊन उभे राहायचे. पत्रिका जुळली, आता मुलगी दाखवा, अशा चेहऱ्याने.

नेमकं तेव्हाच सरकारने त्यांना घाटावरच्या नव्या विद्यापीठाचं कुलगुरू केलं.

कारण साधं होतं. दोन पुढाऱ्यांचे दोन उमेदवार होते आणि ते एकमेकांना पुरून उरले. मग ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही असा माणूस शोधला गेला. "दोन प्रभावी गुण भिडले की सुप्त गुणाची चांदी," डॉक्टर म्हणाले. "शास्त्रात असं होत नाही. सरकारात होतं." वाफा चांगुणाबाईवर सोपवून ते गेले. मलाही बरोबर नेलं. माझी जीभ वळत नाही, एवढ्या एकाच पात्रतेवर मी कुलगुरूंचा स्वीय सहायक झालो.

विद्यापीठात त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या प्राध्यापकांचे कान पाहिले. लोकांना वाटलं, साहेब लहरी आहेत. दुसऱ्या आठवड्यात कळलं की साहेबांनी वंशावळ काढली आहे. विभागप्रमुखाचा जावई व्याख्याता, व्याख्यात्याचा मेहुणा प्रयोगशाळेत, मेहुण्याचा शिष्य ग्रंथालयात. "भातात स्वपरागण चालतं," ते सभेत म्हणाले. "विद्यापीठात चाललं की बी हलकं पडतं." एका आमदारांनी भाच्याला मुलाखतीला पाठवलं. डॉक्टरांनी त्याचा कान बघितला. "पाळी मामांची आहे. आणखी काही आलंय का मामांकडून? का चिठ्ठीच?"

अशा माणसाला कार्यकारिणीचे सभासद किती दिवस सोसणार? त्यांनी ठरवलं होतं की आश्विनातल्या बैठकीत साहेबांवर ठपका ठेवायचा. त्यांचं दुर्दैव असं की त्याआधी पदवीदानाच्या झग्यांना कुठल्या रंगाची किनार लावायची, यावर चर्चा सुरू झाली. दुपार झाली तरी किनार ठरेना. तेवढ्यात शिपायाने तार आणून दिली. पाटलाची होती. 'खांड पडली. घरटी एक माणूस.'

डॉक्टर उठले. "मला घरचं बोलावणं आलंय."

सगळी सभा उभी राहिली. ज्यांनी ठपक्याचा मसुदा खिशात आणला होता, तेही माना खाली घालून उभे. कुलसचिवांनी हळूच विचारलं, "कोण... गेलं?"

"बांध गेलाय. उशीर केला तर भातही जाईल."

"पण साहेब, किनार?"

"तांबडी लावा. जगते."

गाडी दाराशी होती. "घरचं काम आहे," म्हणून ती त्यांनी परत पाठवली आणि आम्ही एस.टी. धरली. घाट उतरून खोपोली आली. मला गप्प बसवेना. ती एक जन्मजात खोड.

"साहेब, तुमचं मूळ घर कुठलं? नागावचं का?"

"मूळ?" ते म्हणाले. "अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलो. नागावकर हे तिथल्या पाणक्याचं आडनाव. त्यांचे कान मी पाहिलेत. माझ्यासारखे नाहीत."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. थोड्या वेळाने कंडक्टर तिकिटं तपासत आला. डॉक्टर वर बघत होते, त्याच्या कानाकडे.

पहाटे गावात पोचलो तर भरती उतरलेली. ती परत चढायच्या आत खांड बुजवायची होती, नाहीतर सगळ्या गावाचं पीक गेलंच. माणसांची रांग लागली होती आणि चिखलाचे गोळे हातोहात सरकत होते. कुलगुरू बंद गळ्याच्या कोटासकट रांगेत उभे राहिले. समोरच त्यांचा वाफा, खाऱ्या गढूळ पाण्याखाली.

"साहेब, आधी वाफा बघून येता?"

"आधी खांड."

मीही मदत केली. गोळा घेऊन धावताना घसरलो आणि थेट खांडीत बसलो. काही क्षण अरबी समुद्र अडवण्याचा मान माझ्याकडे होता. "उठव त्याला," पाटील ओरडला, "नाय तं त्येच्यासकट बुजवा!" डॉक्टर म्हणाले, "तसं करू नका. तो टिकत नाही."

पाणी चढायला लागलं तेव्हा खांड बंद झाली होती. डॉक्टर तडक वाफ्यात उतरले. रोपं चिखलात आडवी झाली होती. एकच ठोंब उभा होता. त्यांनी दाणा तोडला, नखाने सोलला आणि तळहातावर धरला. चांगुणाबाई जवळ जाऊन वाकली. दाणा तांबडा होता.

तिने निकाल दिला नाही. डॉक्टरच म्हणाले, "पुन्हा बापावर गेली."

"उभी तं ऱ्हायली ना, सायेब," ती म्हणाली.

बांधावर पाटलाने समुद्राला नारळ दिला आणि खोबरं-गूळ वाटायला घेतला. तोही घराच्या नावाने. "नथू धर्माचा घर?" "हाय!" "पोशा रामाचा घर?" "हाय!" एकेका घरातून एकेक चिखलाने माखलेला हात पुढे येत होता.

"डाक्तराचा घर?"

खुलासा करावा म्हणून मी घसा साफ केला. ते वाफ्यात आहेत, ते आता कुलगुरू आहेत, वगैरे. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हाय!"

जन्मभर छापील मराठी बोललेला माणूस. बगळे उडाले एवढ्या मोठ्याने. गुडघाभर चिखलातून ते तसेच वर आले आणि दोन्ही हात पुढे करून त्यांनी आपल्या घरचा वाटा घेतला.

मीही हात पुढे केला. पाटलाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू रं? तू कुनाचे घरचा?"

मी पुढे केलेला हात मागे घ्यायला लागलो.

"माझ्या घरचा," डॉक्टर म्हणाले. मग सवयीने माझ्या कानाकडे बघितलं. "पाळी जुळत नाही. पण चालेल."