दादरचं जुळं घर

घर कसं आखावं हे गिरगावातल्या कुणीही माझ्याकडून शिकावं! उगाच नाही सांगत. साहेबाच्या कचेरीत मी सहा वर्षं नकाशे काढले आहेत. साहेब नुसती सही करतो, डोकं माझं असतं.

पण मी स्वतः राहत होतो सासऱ्यांच्या घरी. होय, घरजावई! मी आणि माझा साडू रमाकांत, दोघेही. सासरे म्हणजे तात्या. माणूस देवासारखा, पण देवासारखाच सगळीकडे हजर! पहाटे त्यांचं स्तोत्र माझ्या खोलीत, माझ्या उशाशी सुरू व्हायचं. मी चहा बशीत ओतला तर ते म्हणायचे, "जावईबापू, निवू द्या!" निवला तर, "जावईबापू, गार झाला की हो!"

अशा तात्यांनी एक दिवस दादरला समुद्राकाठी जागा घेतली आणि म्हणाले, "दोघी मुलींना दोन घरं बांधून देतो. हेरंबराव, नकाशा तुमचा!"

मला आकाश ठेंगणं झालं. मी जुळं घर आखलं. मधे एकच भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे रमाकांत. पुढे समुद्राकडे ओटी, मागे स्वयंपाकघर, त्यात चूल बाहेरच्या भिंतीला, आणि मधल्या भिंतीला लागून माझी शांत, गार खोली. पाहुण्यांसाठी जास्तीची खोली मुद्दामच काढली नाही. सासरे मुक्कामाला आले तर राहणार कुठे? हेच तर कौशल्य!

शिवाय मेहनतही निम्मीच. एक घर कागदावर काढलं, कागद उलटा केला, आणि गिरवलं दुसरं घर. आरशात पाहावं तसं!

वास्तुशांत झाली. सासूबाई, म्हणजे रमाबाई, आमच्या चुलीपुढे बसल्या, दूध उतू घातलं, खूश झाल्या. मग रमाकांतकडच्या चुलीपुढे बसल्या आणि एकदम थबकल्या.

"हेरंबराव, तिकडे समुद्र माझ्या डाव्या कानाशी वाजत होता. इथे उजव्या कानाशी कसा?"

"जुळं घर आहे ना! आरशासारखं," मी ऐटीत म्हणालो.

"ते असू दे. मग मी तोंड कुठे करून बसलेय?"

मी मनात दिशा मोजल्या आणि मला घाम फुटला. कागद उलटा केला तेव्हा उत्तरेची दक्षिण झाली होती!

"दक्षिणेकडे तोंड करून माझ्या पोरीनं रांधायचं?" रमाबाई ताडकन उठल्या. "यमाला पंगतीला बोलावलंय का तुम्ही?"

धाकटी पद्मजा, रमाकांतची बायको, रडायलाच लागली. रमाकांत म्हणाला, "हेरंब, तू घे हे घर!" माझी बायको मंजुळा माझ्याकडे अशी बघत होती की मी घाईघाईने तोडगा काढला, "अहो, सोपं आहे! रमाकांतची खोली आणि स्वयंपाकघर यांची अदलाबदल करू. चूल मधल्या भिंतीला लावू. तोंड आपोआप उत्तरेला!"

सगळ्यांनी माझी वाहवा केली. त्या भिंतीपलीकडे माझीच खोली आहे, हे माझ्या लक्षात आलं चूल हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी, भिंतीला टेकल्यावर. टेकलो तसा उडालोच!

रमाकांत खाण्यात राक्षस. पहाटे घावन, दुपारी जेवण, संध्याकाळी भजी. चूल विझेचना! माझी भिंत तव्यासारखी तापायची. "थंडीत बरं वाटेल हो," मंजुळा म्हणायची.

थंडी आली, आणि संक्रांतीला तात्या आले. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे गुडघे आखडले. कण्हत कण्हत ते माझ्या खोलीत शिरले, भिंतीला पाठ लावून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "अहाहा!"

त्या 'अहाहा'वरूनच मी ओळखलं, हा मुक्काम लांबणार! दोन दिवस झाले, चार झाले, तात्या भिंत सोडेनात! शेवटी मी ठरवलं, चूलच विझवायची. पद्मजा विहिरीवर गेली तशी पलीकडे शिरलो आणि चुलीतलं पेटतं लाकूड बाहेर ओढलं. धूर डोळ्यांत गेला, पाण्याच्या धारा लागल्या. तेवढ्यात दारात तात्या!

"जावईबापू!" ते भारावून म्हणाले. "मला ऊब मिळावी म्हणून तुम्ही स्वतः चुलीत लाकडं सारताय? डोळ्यांतून पाणी काढताय?"

"नाही तात्या, मी तर..."

"बोलू नका! लाकूड घाला आत."

मी घातलं. दुसरं काय करणार! पद्मजा आली, तिला तात्यांनी सगळं रंगवून सांगितलं. तिने रमाबाईंना निरोप धाडला, आणि तिसऱ्या दिवशी रमाबाई देवांची पेटी, लोणच्याच्या बरण्या आणि तात्यांची आरामखुर्ची बैलगाडीत घालून हजर!

"पोटच्या मुलानं एवढं केलं नसतं," त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरंच वाटलं. मंजुळाही त्या दिवसापासून माझ्या ताटात तूप सढळ हाताने वाढते.

एकूण आमचं छान चाललंय. वारा गोड आहे, मासळी ताजी आहे असं रमाकांत म्हणतो, दोघी बहिणी सुखात आहेत, आणि तात्यांचे गुडघे तर पंचविशीतले झाले आहेत. पूर्वी मी सासऱ्यांच्या घरी राहायचो, आता सासरे माझ्या घरी राहतात. फरक एवढाच, की पूर्वी मला खोली होती!